दंड भरण्यापूर्वी

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा संक्षेप)



कार्यवाहांनी हा विषय सुचविला तेव्हा प्रथम मला हसू आले. पन्नास वर्षांत या व्यासपीठावरून संतवाङ्मयापासून नाट्यसंगीतापर्यंत पुष्कळ विषय झाले. गाडी अयोग्य जागी उभी केल्याचा दंड बहुधा प्रथमच येत असावा. परंतु गेल्या गणेशोत्सवात सभागृहाबाहेरील आपल्यापैकी कित्येकांच्या वाहनांवर चलाने निघाली आणि बहुतेकांनी ती निमूटपणे भरली. एक ज्येष्ठ सभासद मला म्हणाले, “परमुलखात तंटा कशाला? पाचशे रुपयांनी काय होते?”

काय होते ते सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १७७ खाली पहिल्या अपराधास ५०० रुपयांपर्यंत आणि पुढील अपराधास १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. सप्टेंबर २०१९ पूर्वी हेच आकडे १०० व ३०० होते. न केलेला अपराध आज मान्य केला, तर उद्या हातून खरोखर घडणारा पहिला अपराध दुसरा ठरू शकतो. शिवाय तडजोडीची रक्कम भरली की कलम २०० प्रमाणे प्रकरण तेथेच मिटते; मागाहून तक्रारीस आधार उरत नाही.

प्रतिवाद करण्यापूर्वी मात्र स्वतःची उलटतपासणी घ्यावी. ‘तेथे पाटी नव्हती’ हा आपला लाडका बचाव आहे. तो सर्वत्र चालत नाही. पदपथ, चौक, पादचाऱ्यांचे पट्टे, बसथांबा, रुग्णालयाचे वा शाळेचे द्वार, दुसऱ्याचे फाटक येथे पाटी असो वा नसो, गाडी उभी करता येत नाही. मी स्वतः एकदा पट्ट्यांपासून दोन पावलांवर गाडी ठेवून पाटीचा मुद्दा मांडावयास निघालो होतो. नियम वाचला आणि मुकाट्याने पैसे भरले. इतरत्र मात्र पाटी झाडाच्या फांदीआड असेल, तर त्याच दिवशी गाडीच्या जागेवरून तिचे छायाचित्र घ्यावे. आठवड्याने कोणी फांदी छाटली, म्हणजे आपला पुरावाही छाटला गेला.

यानंतर चलानावरील छायाचित्र पाहावे. हे कोणी करीत नाही! माझ्या स्कूटरच्या क्रमांकावर एकदा चलान आले. चित्रात करड्या रंगाची मोटार होती. तिच्या क्रमांकातील ८ कोणीतरी ३ वाचला होता. मी अर्ज केला. त्यात चलान क्रमांक, तारीख, वेळ, स्थळ आणि एकच विधान होते: चित्रातील वाहन माझे नाही. सोबत नोंदणीपत्राची प्रत जोडली, पोच जपून ठेवली. तीन आठवड्यांनी अर्ज कारणाविना फेटाळला गेला. मुलगा म्हणाला, “बाबा, आता तरी भरून टाका.”

मी भरले नाही. प्रकरण आभासी न्यायालयात गेले. २०१९ पासून दिल्लीत आणि मागाहून अनेक राज्यांत ही सोय झाली आहे. तेथे घरबसल्या दोन पर्याय दिसतात: प्रस्तावित दंड भरणे किंवा प्रकरण लढविणे. दुसरा निवडला की प्रकरण हद्दीतील नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते. वकील सक्तीचा नाही. अपराध मान्य आहे का, असे विचारतात, तेव्हा गडबडून ‘होय, पण…’ म्हणू नये. त्यातले ‘होय’ तेवढे नोंदले जाण्याचा संभव असतो. दुसऱ्या तारखेला दंडाधिकाऱ्यांनी चित्र आणि नोंदणीपत्र शेजारी ठेवून पाहिले व प्रकरण बंद केले. दोन सकाळी आणि रिक्षाभाडे धरून खर्च ५०० च्या वर गेला, हेही प्रांजळपणे सांगतो. परंतु त्या करड्या मोटारीच्या जागी माझे नाव अपराधी म्हणून राहणार होते, ते राहिले नाही.

गाडी उचलून नेली असेल, तर कलम १२७ लक्षात ठेवावे. मनाई असलेल्या जागेवरील वाहन हलविण्यास त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकाऱ्याची अनुमती लागते. क्रेनवरील पोराची मर्जी पुरत नाही. म्हणून पावतीवर अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा मागावा, आणि मागताना आवाज चढवू नये. मनाई खरोखर असेल, तर नेण्याचा खर्च मात्र मालकाच्याच माथी येतो.

लोकअदालतीविषयी अनेकांनी विचारले. तेथे तडजोड होते, रक्कम पुष्कळदा कमीही होते. पण तेथे निर्दोष ठरविण्याचे काम चालत नाही आणि निवाड्यावर अपीलही नाही. चूक आपली असेल तर तेथे जरूर जावे. चूक नसेल तर न्यायालयाचा रस्ता धरावा, आणि नोटिशीवर छापलेली मुदत आजच घरी जाऊन पाहावी.

कोणी चलान बरोबर आणले असेल, तर चहाच्या वेळी मला दाखवावे. चष्मा आणला आहे.