कल्याण कॅम्प ते मीरा रोड
(कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



परकीयांचा प्रवेश व हकालपट्टी हा विषय संविधानाने केंद्राच्या सूचीत घातला आहे. पण माणूस उतरतो तो कोणत्या तरी राज्याच्या भूमीवर. ठाणे जिल्ह्याने या दुहेरी कारभाराची दोन्ही रूपे पाहिली आहेत.

फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी बराकींत ठेवण्यात आले. मुंबई सरकारने 1948 मध्ये त्यांच्या नोंदणीचा कायदा केला. त्यात मायेपेक्षा धाकच अधिक होता. तरीही पाच छावण्यांची नगरी उभी राहिली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली आणि मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी केंद्राने 1954 मध्ये कायदा केला. छावणी प्रांताने चालविली, भरपाई दिल्लीने दिली. दोघांनी भार वाटून घेतला.

1958 मध्ये केंद्राने अनुच्छेद 258 खाली परकीयांना हुडकून परत पाठविण्याचे अधिकार राज्यांना सोपविले. तेव्हापासून पोलीस राज्याचे, सीमा केंद्राची आणि जन्माचा दाखला बहुधा तिसऱ्याच राज्यातला! जुलै 1998 मध्ये बांगलादेशी ठरवून मुंबईहून रेल्वेने नेल्या जाणाऱ्यांना पश्चिम बंगालमधील उलुबेरिया येथे जमावाने सोडविले. त्यांत भारतीयही आहेत, अशी तक्रार तेथील डाव्या आघाडीच्या सरकारने केली.

पुढे मे 2025 मध्ये केंद्राने संशयितांच्या पडताळणीस राज्यांना 30 दिवसांची मुदत घालून दिली. जूनमध्ये मीरा रोडला गवंडीकाम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका मजुरास पकडून सीमा सुरक्षा दलाच्या हवाली करण्यात आले. त्याचे कागद गावाहून पाठविले गेले होते; तरी त्यास बांगलादेशात ढकलण्यात आले. पश्चिम बंगाल सरकारने धडपड केली, तेव्हा तो परतला. आपण परकीय नाही, हे सिद्ध करण्याचा भार 1946 च्या कायद्याप्रमाणेच 2025 च्या नव्या कायद्यातही पकडलेल्या माणसावरच आहे. परमुलखात कोठडीत बसलेल्या गवंड्याने तो पेलावा कसा?

म्हणून मागणी नेमकी हवी. संशयिताच्या राज्याचे लेखी उत्तर येईपर्यंत, आणि दंडाधिकाऱ्यापुढे सुनावणी झाल्याखेरीज, कोणासही सीमा दलाकडे सोपवू नये. कल्याण-डोंबिवलीच्या मजूर नाक्यांवर सकाळी उभे राहणाऱ्यांच्या दाखल्यांची प्रत त्यांच्या गावी आणि इथल्या युनियनच्या कचेरीत ठेवण्याचे काम मात्र सरकारची वाट न पाहता आजच हाती घेता येईल.