मोळीतली लाकडे



चैत्रात रामनवमीला पोहरादेवीस संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला दूरदूरच्या तांड्यांतून माणसे येतात. मुक्काम म्हटला की चूल आली, आणि चुलीला सरपण आलेच. पण आजूबाजूच्या रानात तेव्हा पानगळ झालेली असते. शाळेत आपण झाड पानावरून शिकलो. इथे तर पानच नाही! मग ओळख सालीला आणि कापाला विचारायची.

धावड्याची साल गुळगुळीत, पांढुरकी. खपल्या निघून उथळ खळगे दिसतात. लाकूड जड, रेषा घट्ट, आणि निखारा पुष्कळ वेळ टिकणारा. ऐनाची (कोणी त्याला साजड म्हणतात) साल काळपट, उभ्या-आडव्या भेगांनी सुसरीच्या पाठीसारखी. तोही जळायला चांगला. सालईची साल कागदासारखी सुटते, डिंकाला सुवास येतो. पण लाकूड हलके, भसकन जळून जाते. पळसावर तर भाकरीचा भरवसाच धरू नये.

आता ज्याच्यासाठी मी बोलायला बसलो, तो बिब्बा. परिटाच्या कपड्यांवर खुणा करणारा तोच. साल खडबडीत, करडी-तपकिरी. घाव लागला की रस निघतो आणि हवेत काळा पडतो. फाट्याच्या तोंडाशी, सालीच्या कडेने असे डांबरासारखे ओघळ दिसले तर हात लावू नका. जो रस कापडावरून जात नाही, तो कातडीवर फोड आणतो, बरं का! त्याच्या धुरापासूनही जपावे. एखाद्याला तो फारसा बाधत नाही; पण त्याने ‘मला कुठे काय झाले?’ म्हणून दुसऱ्याला धीर देऊ नये. रस लागलाच तर न चोळता साबण-पाण्याने धुवावा; डोळ्यांत गेला तर भरपूर पाण्याने डोळे धुऊन थेट दवाखाना गाठावा. कण्हेरीची काडीही विषारी. तीही चुलीत नको.

गुरुजी, श्रावणात मुलांना एकदा रानात न्या. बिब्ब्याचे पान वीतभराहून मोठे, टोकाकडे रुंद, पाठीकडून फिकट. ते लांबूनच दाखवा, तोडू देऊ नका. पाने गळाल्यावर त्याच झाडापाशी पुन्हा न्या आणि नुसती साल दाखवा. मोळी आणणारी बहुधा घरातली आई नाही तर बहीण असते. पोराने तिला घरी जाऊन सांगितले की काम झाले. आणि हो, ऐनाच्या पानामागे देठाजवळ बारीक गाठी असतात, बहुधा दोन. त्या मुलांनाच शोधू द्या.