रिपोर्टमधला एमपीव्ही आणि डोळ्याचा पडदा

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण घरात कुणी शिकलेलं असलं की सगळ्या खानदानाचे रिपोर्ट त्याच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. तुमचंही तसंच असणार. म्हणून त्यातल्या एकाच ओळीबद्दल बोलतो.

सीबीसीच्या कागदावर प्लेटलेटच्या संख्येजवळ एमपीव्ही असतो. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठायला मदत करणारे सूक्ष्म कण, आणि एमपीव्ही म्हणजे त्यांचं सरासरी आकारमान. मोठ्या प्लेटलेट जास्त सक्रिय असतात, गुठळी लवकर करतात. डायबिटीसमध्ये डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या गळतात, बंद पडतात. त्यामुळे संशोधकांना यात संबंध दिसला, आणि बऱ्याच अभ्यासांत पडदा खराब झालेल्यांचा सरासरी एमपीव्ही जास्तही निघाला.

पण सरासरी म्हणजे तुमचे अब्बा नव्हेत. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. शिवाय रक्ताची नळी लॅबमध्ये काही तास पडून राहिली तरी प्लेटलेट फुगतात आणि आकडा वाढतो! आमच्या धंद्यात सांगायचं तर, सर्व्हर तापला म्हणून कुठला प्रोग्राम बिघडलाय ते कळत नाही.

आणखी एक. अमेरिकेतल्या ईटीडीआरएस या चाचणीत 3,711 रुग्ण होते. प्लेटलेटना आवरणारी अ‍ॅस्पिरिन रोज 650 मिलिग्रॅम देऊनही पडद्याचा आजार थांबला नाही, वाढलाही नाही. उलट 1993 मध्ये डीसीसीटीने दाखवलं की टाइप 1 च्या रुग्णांनी साखर काटेकोर ठेवली, तर हा आजार नव्याने होण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटतो. माझ्या मते लक्ष कुठे द्यायचं ते इथेच ठरतं.

मला भीती वाढलेल्या एमपीव्हीची नाही, नॉर्मल आलेल्याची आहे. "सगळं नॉर्मल आहे" म्हणून आपण गप्प बसतो. सुरुवातीला डोळा दुखत नाही, दिसतंही व्यवस्थित. टाइप 2 डायबिटीस कळला की लगेच, आणि नंतर साधारण दरवर्षी, बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडदा तपासावा लागतो. थेंबांनी काही तास अंधुक दिसतं, सोबत कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे तुम्ही. त्या दिवशी सुट्टी टाका.

आज घरी गेल्यावर अम्मीला विचारा, पडदा शेवटचा कधी तपासला? बऱ्याच घरांत उत्तर येईल, "चष्म्याचा नंबर काढला होता की!" ती तपासणी वेगळी.