दोन जिवांची दिवाळी



आश्विन लागला, हस्ताचा पाऊस एकदा गडगडून गेला, की आमच्या सांगली-मिरजेकडे गावोगावच्या एसटी स्टँडवर माहेरवाशिणींची ये-जा सुरू होते. त्या गर्दीत एखादी जरा सावकाश चालणारी असते. तिच्या हातातली पिशवी भावानं घेतलेली असते. कंडक्टर पुढची जागा मोकळी करून देतो, खिडकीजवळची बाई आपणहून सरकते. ती दोन जिवांची आहे हे कुणी सांगावं लागत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी रीत. हिंदूंच्या घरी आहे, तशी आम्हा मुसलमानांच्या घरीही आहे. आणि सातवा-आठवा महिना नेमका दसरा-दिवाळीच्या तोंडावर आला, तर त्या घरात सणाची तयारी कुठली आणि बाळाची तयारी कुठली, हे वेगळं करता येत नाही.

‘डोहाळे’ हा आपला फार गोड शब्द. तो संस्कृतातल्या ‘दोहद’वरून आला. सुश्रुतसंहितेत गर्भिणीला ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, असं म्हटलं आहे. चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून तिला जे हवंसं वाटेल ते द्यावं, असं तिथं सांगितलं आहे. त्यातल्या शरीरशास्त्राची चर्चा वैद्यांनी करावी. मी कविता लिहिणारा माणूस. मला भावतं ते एवढंच, की जिला एरवी ‘तुला काय हवंय?’ असं वर्षानुवर्षं कुणी विचारत नाही, तिला निदान या काही महिन्यांत तरी विचारायचं, असा दंडक आपल्या लोकांनी घालून ठेवला. आज मला या विचारण्याबद्दलच बोलायचं आहे.

आश्विन-कार्तिकातले सण जरा निरखून पाहा. नवरात्रात घट बसतो. पत्रावळीवर शेतातली माती, तिच्यात धान्य आणि मधोमध पाण्यानं भरलेला घट. नऊ दिवस अंधाऱ्या कोपऱ्यात, समईच्या उजेडात ते बी उगवतं आणि दसऱ्याला त्याचे पिवळसर कोंब कुणी टोपीत खोवतं, कुणी वेणीत माळतं. आमच्या भागात याच दिवसांत हादगा असतो. भिंतीवर हत्तीचं चित्र लागतं, मुली फेर धरतात. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायची. कोजागरीला घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात. वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. त्या दिवशी दूध आणि दुधाचे पदार्थ बाजूला ठेवायचे, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खायची. दूध आधी वासराचं, हे वर्षातून एकदा तरी माणसानं कबूल करायचं. पेरणं, उगवणं, आई आणि लेकरू, याच गोष्टींभोवती हा सगळा हंगाम फिरतो. घरात दिवस गेलेली मुलगी असली, की तो अर्थ एकदम ताजा होतो.

२००६ सालची गोष्ट सांगतो. त्या वर्षी घट बसले २३ सप्टेंबरला आणि पाठोपाठ दोन दिवसांनी रमजान सुरू झाला. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आणि ईद त्यानंतर चारच दिवसांनी. आमच्या गल्लीत तेव्हा दोन मुली पहिलटकरीण म्हणून माहेरी आल्या होत्या. एक माझी धाकटी बहीण, दुसरी समोरच्या काकूंची लेक. दोघी एका बाकावर बसून शिकलेल्या. एकीनं हट्ट धरला नऊ दिवसांच्या उपवासाचा, दुसरीनं रोज्यांचा.

खरं तर रमजानचे रोजे गर्भवतीला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला पुढं ढकलता येतात. जिवाला त्रास होईल असं वाटलं तर नंतर सवडीनं भरून काढण्याची मुभा आहे. नवरात्राचा उपवासही ज्याच्या त्याच्या तब्येतीनं करायचा असतो. गर्भारपणात फार वेळ उपाशी राहू नका, असं डॉक्टरांनी दोघींनाही बजावलं होतं. पण पोरी ऐकेनात. लेकी आईचं ऐकत नाहीत, हे दोन्ही आयांना ठाऊक होतं. मग अम्मीनं आणि काकूंनी आपसात एक करार केला. माझ्या बहिणीला दुपारी काकूंनी जेवू घालायचं आणि काकूंच्या लेकीला अम्मीनं. दुसऱ्याच्या आईला नाही म्हणता येत नाही. बहीण समोरच्या सोप्यात भाकरी, आमटी खाऊन यायची. काकूंची लेक आमच्या चुलीपाशी बसून मुगाची खिचडी खायची. अम्मीचा स्वतःचा रोजा असायचा, त्यामुळं मीठ चाखायची सोय नाही. कमी-जास्त ती पोरगीच सांगायची. संध्याकाळी हादगा झाला, की खिरापतीची वाटी आमच्या घरी यायची आणि आमच्या इफ्तारीतले खजूर समोर जायचे. माझ्याकडं काम होतं आणण्याचं. कवठ, आवळे, चिंचेचा आकडा, मध्येच रात्री दहाला गाड्यावरची भेळ. डोहाळे घड्याळ बघून लागत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

दसरा झाल्यावर काकूंनी लेकीचं डोहाळजेवण करायचं ठरवलं. झोपाळ्याला झेंडूच्या माळा, फुलांची वाडी, हिरवी साडी, पाच प्रकारचे भात. असल्या समारंभात पुरुषांना जागा नसते. पुढचं मी अम्मीकडून ऐकलेलं सांगतो. काकूंच्या घरात मुलीची आत्या राहायची. ऐन तारुण्यात नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. या मुलीला तिनंच न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. डोहाळजेवणाचा सगळा स्वयंपाक तिनं एकटीनं केला होता. ओटी भरायची वेळ झाली, तशी ती नेहमीप्रमाणं आतल्या खोलीत निघून गेली. काकूंनी लेकीला रीतीप्रमाणं विचारलं, ‘तुला काय हवंय, ते सांग.’ ती म्हणाली, ‘मला आत्याच्या हातची ओटी हवी.’

घरभर शांतता झाली. मोठ्या आजींच्या कपाळावर आठी आली. कुणी म्हणालं, दुसरं काही माग. ती म्हणाली, दुसरं काही नको. काकू थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी खण-नारळाचं ताट उचललं, आत गेल्या आणि नणंदेच्या हातात ते ताट देऊन तिला बाहेर घेऊन आल्या. आत्यानं ओटी भरली. आजी बोलल्या नाहीत, पण उठूनही गेल्या नाहीत.

आमच्या घरी पंधरा दिवसांनी बहिणीचा सतवासा झाला. सतवासा म्हणजे सातव्या महिन्यातला समारंभ. नवे कपडे, बांगड्या, गळ्यात फुलांचा हार, आणि पदरात फळं, खोबरं, खारका घालून गोद भरायची. विधवेला अशुभ मानायला आमच्या धर्मात जागा नाही. पैगंबरांच्या पहिल्या पत्नी हजरत खदीजा या विधवा होत्या. पण रीतिरिवाज धर्माचं ऐकतातच असं नाही. आमच्याही कितीतरी घरांत अशा वेळी विधवा बाई आपणहून मागं सरकते, आणि कुणी तिला पुढं ओढत नाही. त्या दिवशी अम्मीनं माझ्या विधवा खालाला पहिल्यांदा बोलावलं. समोरच्या घरात जे घडलं, त्याचा तो पडसाद होता.

पुढं २०२२ साली आमच्याजवळच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तो साऱ्या महाराष्ट्रात गाजला. मला त्या वेळी काकूंची लेक आठवली. ठराव करायला ग्रामसभा लागते. तिनं तो आपल्या डोहाळ्यात करून टाकला होता.

डोहाळजेवणात आणखी एक गंमत असते. दोन वाट्या झाकून ठेवतात, एकीत पेढा, दुसरीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. गंमत म्हणून ठीक आहे. पण बर्फी निघाल्यावर जमलेल्या बायकांचे चेहरे पाहावेत, असं मला अम्मी नेहमी सांगायची. घटाला देवी मानून नऊ दिवस अखंड दिवा लावणाऱ्या घरातही तो चेहरा उतरतो, आणि कन्येला रहमत म्हणणाऱ्या आमच्या घरातही उतरतो. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ साली झाला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं २००१च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. वाटीतल्या बर्फीचा आणि या आकड्यांचा संबंध आहे. गर्भवतीला ‘काय हवंय’ असं आपण विचारतो खरं, पण पुष्कळदा उत्तर आधीच आपण ठरवलेलं असतं. तिनं फक्त मान डोलवायची.

आता दिवाळीकडं येतो. दिवाळी म्हणजे घरातल्या बाईसाठी पंधरा दिवसांचं काम. माळ्यावरची भांडी उतरवायची, भिंती झाडायच्या, अनारशांचं पीठ आंबवायचं, सोऱ्या दाबून दाबून चकल्या पाडायच्या, तासन् तास कढईपुढं बसायचं. गर्भारशीला आपण म्हणतो, ‘तू नुसती बस, हात लावू नकोस.’ आणि थोड्याच वेळात तिच्यापुढं करंज्यांचं ताट येतं, कारण बसल्या बसल्या होण्यासारखं ते काम असतं. तिला विचारावं. एखादीला खरोखर करंज्या भरायच्या असतात, मन रमतं. एखादीला पाय वर करून दिवाळी अंक वाचायचा असतो. दोन्ही डोहाळेच आहेत. पुरुषांनी या दिवसांत जळमटं काढावीत, भांडी घासावीत, चकलीचा सोऱ्या हातात घ्यावा. त्याला ताकद लागते, आणि ती आपल्याकडं असते असं आपणच सांगत असतो. फटाक्यांचा धूर आणि आवाज तिच्या दारात तरी नको. पोरांनी अंगणात मातीचा किल्ला करावा, मावळे मांडावेत, हळीव पेरावेत. त्यात धूर नाही, आणि खिडकीतून बघणारीचा वेळ छान जातो.

श्रोतेहो, फराळाच्या ताटातल्या साखरेबद्दल एक शब्द बोलल्याशिवाय मला हे भाषण संपवता येणार नाही. दसरा-दिवाळीच्या आगेमागेच साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. बीडकडून, धाराशिवकडून, आमच्याच जिल्ह्यातल्या जतकडून ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं ‘कोयता’ म्हणतात. उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हात थांबत नाहीत. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये भरते. खाडा झाला तर पैसे कापले जातात. त्या बायकांमध्येही दोन जिवांच्या असतात. जिथं ऊस, तिथं त्यांची कोपी. ज्या वेळी बाकीच्या मुली माहेरी येतात, त्या वेळी या मुली घर सोडून परक्या शिवारात जातात. नोकरदार बाईला २०१७च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, ती चांगलीच गोष्ट झाली. कोपीतल्या बाईला ती रजा कोण देणार?

हा प्रश्न मोठा आहे आणि त्याचं उत्तर सरकारनं आणि कारखान्यांनी द्यायचं आहे. पण आपल्या गावच्या शिवारात कोपी पडली, तर तिथं कुणी गर्भवती आहे का, एवढं आपण पाहू शकतो. गावातल्या आशाताईंना, अंगणवाडीताईंना कळवू शकतो. दवाखान्यात नेण्यासाठी गाडी देऊ शकतो. फराळाचा डबा देताना, ‘पोरी, तुला काय हवंय?’ असंही विचारू शकतो. तिचं माहेर लांब आहे. ती कदाचित म्हणेल, काही नको. तर आणखी एकदा विचारावं. पहिल्या विचारण्याला काही नको म्हणण्याचीच बायकांना सवय असते.

आता डोहाळजेवणं हॉलमध्ये होतात, त्यांना ‘बेबी शॉवर’ म्हणतात, फुगे लावतात, फोटो काढतात. लेक परदेशात असेल तर अम्मी इकडून मोबाइलवर गोद भरताना पाहते. त्यात वाईट काही नाही. रीत कपडे बदलते. आत विचारणारं माणूस असलं म्हणजे झालं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी यंदा दोन जिवांची दिवाळी असेल, तर त्या मुलीला माझ्या शुभेच्छा. मुलगी होवो, मुलगा होवो, आई आणि बाळ दोघंही सुखरूप असोत. आमच्याकडं बाळ जन्मलं की त्याच्या कानात हलकेच अजान देतात. जगात आल्यावर त्यानं पहिल्यांदा चांगलं काही ऐकावं, ही त्यामागची इच्छा. त्याच्या आईच्या कानावरही या नऊ महिन्यांत चांगलं काही पडत राहो.