मुक्त म्हणजे फुकट नव्हे

(भिवंडी येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या बैठकीत केलेले भाषण)

आज मी संगणकाबद्दल बोलणार म्हटल्यावर काही जणींनी एकमेकींकडे पाहिले. हा आपला विषय नाही, असे वाटणे साहजिक आहे. पण आपल्या गावातलीच गोष्ट घ्या. भिवंडीत कितीतरी मागवाले व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतात. माग त्यांचा, घाम कामगाराचा, कांड्या भरणारी बाई घरची, पण कापड व्यापाऱ्याचे. आपण लिहिलेल्या शब्दांचेही तसेच होऊ शकते. आमचे झाले.

आमच्या संस्थेच्या कपाटात जुन्या सीडी होत्या. कांड्या भरणाऱ्या, धागे कापणाऱ्या बायकांनी मजुरीबद्दल, घरातल्या मारहाणीबद्दल सांगितलेल्या हकिकती त्यांत टाइप करून ठेवल्या होत्या. मी त्या उघडल्या, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी! मजकूर ज्या फाँटमध्ये होता तो विकतचा, संगणकाला 'लॉक' जोडल्याशिवाय न चालणारा. टाइप करून देणाऱ्याचे दुकान केव्हाच बंद झालेले. हकिकती बायकांच्या, किल्ली मात्र दुसऱ्याच्या हातात.

त्या काळी प्रत्येक कंपनीचा मराठी फाँट आपापल्या पद्धतीने अक्षरे साठवत असे. एकीकडचा मजकूर दुसरीकडे उघडत नसे. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली, पण ते रोजच्या वापरात यायला आणखी बरीच वर्षे गेली. युनिकोडमुळे प्रत्येक अक्षराचा क्रमांक सगळीकडे एकच झाला. तरी अक्षर दिसायला, छापायला फाँट लागतोच. तो कोणाचा आणि कोणत्या अटींवर मिळतो, हा प्रश्न राहतो. या अटी म्हणजेच परवाना.

रेड हॅट कंपनीने पुढे आणलेला 'लोहित' किंवा मुंबईच्या 'एक टाइप'ने घडवलेला 'मुक्ता' हे फाँट 'ओपन फाँट लायसन्स' या परवान्याखाली मिळतात. ते कोणीही वापरावेत, मैत्रिणीला द्यावेत, त्यांत बदल करावेत. बदललेला फाँट वाटायचा तर तो याच परवान्याखाली. नुसता फाँट विकून कमाई मात्र करायची नाही. या विचारामागे एक चळवळ आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. १९८९ मध्ये त्याचा सार्वजनिक परवाना आला. प्रोग्रॅम वाचण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा हक्क प्रत्येकाला, आणि तो पुढे देणाऱ्याने हाच हक्क पुढच्यालाही द्यायचा. विहीर सर्वांची, तिला कुलूप घालायचे नाही.

पण मैत्रिणींनो, परवाना हक्क देतो, भाकरी देत नाही. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात. मराठीत मुक्त आणि फुकट असे दोन वेगळे शब्द आहेत, तरी आपण गल्लत करतोच. देवनागरी फाँट करायचा म्हणजे जोडाक्षरे, रफार, मात्रा धरून शेकडो आकार बसवावे लागतात. ते काम कोणीतरी करते, आणि त्या कोणाचे तरी घर चालायला हवे.

घरकामाबद्दल आपण काय म्हणतो? बाई अंथरुणाला खिळली की तिचे काम दिसते. २०१४ मध्ये तसेच झाले. 'ओपनएसएसएल' हा मुक्त प्रोग्रॅम जगभरच्या संकेतस्थळांवरचे व्यवहार सुरक्षित ठेवतो. त्यात मोठे छिद्र सापडले, तेव्हा कळले की तिथे पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता आणि देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर. वापरणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या, सांभाळणारा एकटा.

पैसा अपुरा वाटला की परवाना बदलण्याचा मोह होतो. 'रेडिस' या प्रोग्रॅमच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये तेच केले आणि अटी कडक केल्या. पण आधीची आवृत्ती मुक्त परवान्याची होती. ती घेऊन इतरांनी 'व्हॅल्की' नावाने काम चालू ठेवले. २०२५ मध्ये रेडिसने पुन्हा एक मुक्त परवाना स्वीकारला. चांगला परवाना असा अडचणीत उपयोगी पडतो.

पैसा देणाऱ्याच्या हातात काय असते, तेही पाहा. एका लैंगिक शोषणाच्या प्रकरणासंबंधी केलेल्या विधानांवरून टीका झाल्यावर स्टॉलमन यांनी २०१९ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनमधली पदे सोडली. २०२१ मध्ये ते संचालक मंडळावर परतले, तेव्हा रेड हॅटने फाउंडेशनचा निधी थांबवला. या वेळी निधीचे वजन बायकांनी उठवलेल्या प्रश्नाच्या बाजूने पडले. दर वेळी पडेलच असे नाही. परकीय निधीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती होऊन कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, तेव्हा किती संस्थांची ओढाताण झाली हे इथे सांगायला नको. एकाच दात्यावर उभे राहिलेले काम त्याच्या मर्जीवर चालते. म्हणून अनेकींची थोडी थोडी वर्गणी महत्त्वाची.

आता आमचीही चूक सांगते. कोणा स्वयंसेवकाने लिहून मोफत ठेवलेला रूपांतरक आम्हाला सापडला. त्याने मजकूर युनिकोडमध्ये आला, पण जोडाक्षरे आणि रफार चुकत होते. वस्तीतल्या दोन मुलींनी तीन महिने बसून ओळ न् ओळ दुरुस्त केली. आम्ही त्यांना चहा दिला, शाबासकी दिली. मजुरी द्यायचे कोणाला सुचले नाही! त्यांतल्या एकीने विचारले, "ताई, कांड्या भरल्या असत्या तर पैसे मिळाले असते ना?" मी गप्प झाले. नंतर पैसे दिले, पण ते तिने विचारल्यावर.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. जुना मजकूर आजच युनिकोडमध्ये आणा आणि त्याच्या प्रती दोन ठिकाणी ठेवा. टाइप करून घेताना फाइल युनिकोडमध्ये व मुक्त फाँटमध्ये हवी, असे लेखी ठरवा. आणि वर्षाच्या अंदाजपत्रकात एक ओळ घाला: आपण वापरतो त्या मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्गणी, आणि आपले संगणकाचे काम करणाऱ्या मुलींची मजुरी. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ओळ असू द्या.

बायकांच्या श्रमाला मोल द्या, असे आपण जगाला सांगतो. आपल्या हिशेबाच्या वहीत ते कुठे लिहिले आहे, एवढे आज घरी जाऊन पाहा.