रुग्णसेवकांवरील हल्ले : आरोप, शिक्षा आणि बचाव

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी फौजदारी कायद्याचा विषय निवडणे काहींना विसंगत वाटेल. परंतु त्यामागे कारण आहे. जैन समाजाच्या अनेक संस्था दवाखाने व रुग्णालये चालवितात. दुसऱ्या बाजूने, रुग्णालयाच्या व्हरांड्यात रात्र जागून काढली नाही असे कुटुंबही समाजात विरळाच. म्हणजे रुग्णसेवा देणारा आणि तिची वाट पाहणारा, अशा दोन्ही भूमिकांत हा समाज उभा आहे. त्या दोघांमध्ये हात उगारला गेला तर कायदा काय म्हणतो, हे दोघांनीही जाणून घेणे हिताचे आहे.

ऑगस्ट २००१ मध्ये ठाण्यात एका लोकप्रिय नेत्याच्या निधनानंतर संतप्त जमावाने सिंघानिया रुग्णालयाची जाळपोळ केली. ज्यांचा त्या घटनेशी काडीमात्र संबंध नव्हता अशा रुग्णांना तेथून हलवावे लागले. मार्च २०१७ मध्ये धुळे येथील शासकीय रुग्णालयात अपघातग्रस्त रुग्णाच्या नातलगांनी एका निवासी डॉक्टरास इतकी मारहाण केली की त्यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले, शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. दोन्ही प्रसंगी हल्ला करणारे वेगळेच होते. भुर्दंड मात्र अनोळखी, गरीब रुग्णांना पडला.

अशा घटनांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१० साली वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसाचारास प्रतिबंध करणारा स्वतंत्र अधिनियम केला. त्याचे संरक्षण केवळ डॉक्टरांपुरते नाही. परिचारिका, वैद्यकीय व परिचर्येचे विद्यार्थी आणि निमवैद्यकीय कर्मचारी हेही त्यात येतात. शासकीय व खाजगी असा भेदही नाही. हिंसक कृत्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. प्रत्यक्ष मारणाराच नव्हे, तर चिथावणी देणाराही दोषी ठरतो. शिवाय यंत्रसामग्रीची मोडतोड झाल्यास तिच्या खरेदी किमतीच्या दुप्पट रक्कम भरून द्यावी लागते आणि ती न भरल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते.

याखेरीज १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलमे लागतात. साधी दुखापत केल्यास कलम ११५ अन्वये एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. हाड किंवा दात मोडला, अथवा डोळ्याची दृष्टी कायमची गेली, तर ती ‘गंभीर दुखापत’ ठरते आणि कलम ११७ अन्वये शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. शासकीय वा महापालिका रुग्णालयातील डॉक्टर हे लोकसेवक असल्याने तेथे आणखी दोन कलमे येतात. कर्तव्यात अडथळा आणण्यासाठी बळाचा वापर केल्यास कलम १३२ खाली दोन वर्षांपर्यंत, आणि त्याच हेतूने दुखापत केल्यास कलम १२१ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तीच दुखापत गंभीर असेल तर किमान एक व कमाल दहा वर्षे.

हे सर्व प्रत्यक्षात कसे घडते ते पाहू. समजा, मध्यरात्री एका गृहस्थांचे रुग्णालयात निधन झाले. बाहेर मुलगा, पुतण्या, शेजारी असे आठ-दहा जण जमले. मुलाने डॉक्टरांच्या श्रीमुखात लगावली. पुतण्याने काचेचे दार फोडले. तिसरा “सोडू नका याला” म्हणून ओरडला. चौथा दोघांना मागे ओढत होता आणि पाचवा औषधे घेऊन नुकताच जिना चढून आला होता. फिर्यादीत मात्र पाचही नावे येतात. पाच किंवा अधिक माणसे समान बेकायदेशीर उद्देशाने जमली की कायदा त्यांना ‘बेकायदेशीर जमाव’ मानतो आणि एकाच्या कृत्याची जबाबदारी सर्वांवर येऊ शकते.

येथेच बचावाचा पहिला व सर्वांत महत्त्वाचा मुद्दा उद्भवतो. केवळ हजर असणे म्हणजे जमावाचा घटक असणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. चौथ्या व पाचव्या इसमाने आपला उद्देश वेगळा होता हे दाखविले पाहिजे. त्यासाठी व्हरांड्यातील कॅमेऱ्याचे चित्रण आणि औषधाच्या पावतीवरील वेळ हे पुरावे मोलाचे ठरतात. चित्रण काही दिवसांनी पुसले जाते. म्हणून ते जतन करण्याची लेखी मागणी तात्काळ पोलिसांकडे व न्यायालयाकडे करावी.

दुसरा बचाव स्वसंरक्षणाचा. सुरक्षारक्षकाने वा कर्मचाऱ्याने प्रथम हात टाकला असेल, तर स्वतःला वाचविण्यापुरते बळ वापरण्याचा हक्क प्रत्येकास आहे. परंतु तो गरजेपुरताच आहे. समोरचा मागे सरल्यावर मारलेला फटका हे संरक्षण नसून सूड होय.

तिसरा बचाव मनोविकलतेचा. तीव्र ज्वरात, भुलीतून बाहेर येताना किंवा वृद्धापकाळच्या स्मृतिभ्रंशात रुग्णच परिचारिकेवर हात उगारतो, असे घडते. आपण काय करीत आहोत याचे भान मनोविकलतेमुळे नसेल तर कायदा त्यास गुन्हा मानीत नाही. हेतूच नव्हता, हेही वैद्यकीय कागदपत्रांवरून दाखविता येते. स्वेच्छेने मद्यप्राशन केलेल्यास मात्र ही सवलत मिळत नाही.

चौथा मुद्दा गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाचा. तो सिद्ध झाल्यास साध्या दुखापतीची शिक्षा कमी होते, सुटका होत नाही. कर्तव्य कायदेशीरपणे बजावणाऱ्या लोकसेवकाच्या कृतीला तर प्रक्षोभ म्हणताच येत नाही.

खोटी वा फुगविलेली फिर्यादही अशक्य नाही. देयकाच्या वादातून दबावासाठी तक्रार झाली असल्यास फिर्यादीस झालेला विलंब, दुखापतीच्या दाखल्यातील विसंगती, स्वतंत्र साक्षीदारांचा अभाव या गोष्टी न्यायालय तपासते. मोठ्या आवाजात जाब विचारणे एवढ्यानेच हिंसा होत नाही. मात्र धमकी देणे व कामात अडथळा आणणे हेही २०१० च्या अधिनियमातील हिंसेच्या व्याख्येत बसते, हे ध्यानात असावे. तसेच ‘अजामीनपात्र’ म्हणजे जामीन मिळतच नाही असे नव्हे. तो हक्काने मिळत नाही. न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असतो.

आता मूळ मुद्दा. “डॉक्टरांच्या हलगर्जीपणामुळेच माणूस गेला, म्हणून हात उचलला,” असे उत्तर बहुतेक आरोपी देतात. व्यापारी माणसास समजेल अशा भाषेत सांगायचे तर ही दोन वेगळी खाती आहेत आणि कायदा त्यांची परस्पर वजावट मान्य करीत नाही. हलगर्जीपणा खरा असला तरी मारहाणीचा गुन्हा पुसला जात नाही. फार तर शिक्षा ठरविताना परिस्थितीचा विचार होतो. उलटपक्षी, मारहाण झाली म्हणून डॉक्टरांची चूकही माफ होत नाही. पण व्यवहारात असे घडते की हात उगारताच तक्रारदार आरोपी बनतो आणि ज्या मृत्यूची चौकशी व्हायला हवी होती ती बाजूला पडते. गेलेल्या माणसाचा न्याय त्याच्याच मुलाच्या मुठीत चिरडला जातो.

न्यायाचे सनदशीर मार्ग उपलब्ध आहेत. उपचारांची कागदपत्रे लेखी मागणीनंतर ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मृत्यूविषयी शंका असल्यास शवविच्छेदनाचा आग्रह धरावा. त्या दुःखद घडीस हे कठीण वाटते, पण पुढे तोच सर्वांत भक्कम पुरावा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानंतर मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. तेथे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे दाद मागता येते. घोर निष्काळजीपणा असल्यास फौजदारी मार्गही खुला आहे, मात्र २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार त्यास तज्ज्ञाचे मत आवश्यक ठरते. विशेष म्हणजे २०१० च्या अधिनियमातच हलगर्जीपणाच्या तक्रारी ऐकून पीडितांना योग्य मार्ग दाखविणाऱ्या प्राधिकरणाची तरतूद आहे. ज्या कायद्याने हात रोखला, त्यानेच तोंड बंद केलेले नाही.

एका थपडेचा हिशेब मोठा असतो. वर्षानुवर्षे तारखा, वकिलांचे शुल्क आणि खटला प्रलंबित असेपर्यंत पारपत्रासाठी न्यायालयाची अनुमती. परदेशी शिक्षणाची किंवा नोकरीची तयारी करणाऱ्या तरुणाची ऐन उमेदीची वर्षे यात जातात. काही प्रकरणांत समझोत्यानंतर उच्च न्यायालय गुन्हा रद्द करते, प्रथम अपराध्यास १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाचा लाभ मिळू शकतो. परंतु ही न्यायालयाची कृपा आहे, हक्क नव्हे.

शेवटी, दवाखाने चालविणाऱ्या संस्थांच्या विश्वस्तांसाठी दोन शब्द. कायद्याचा फलक भिंतीवर लावणे पुरेसे नाही. त्याशेजारी दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद असावी. अत्यवस्थ रुग्णाच्या नातलगांना दर काही तासांनी खरी स्थिती सांगणारी एक जबाबदार व्यक्ती नेमावी, आणि मृत्यूची वार्ता उभ्या-उभ्या नव्हे, बसवून व धीर देऊन सांगावी. पुष्कळदा संतापाचे मूळ मृत्यूत नसून, कोणी काही सांगितले नाही यात असते.

चार कषायांत क्रोधाचे नाव प्रथम घेतले जाते. अहिंसेची परीक्षा स्वयंपाकघरात रोज होते. पण तिची खरी कसोटी मध्यरात्री, अतिदक्षता विभागाच्या दारात लागते. त्या घडीला कुटुंबातील एकाने तरी पुढे होऊन तरुणांचा हात धरावा, त्यांना बाहेर न्यावे आणि कागदपत्रांची लेखी मागणी करावी. त्यात डॉक्टरचे रक्षण आहे, घरातील मुलाचे रक्षण आहे आणि गेलेल्या माणसाच्या न्यायाचेही रक्षण आहे.