शाळेचा जुना लॅपटॉप : दुरुस्ती की बदल?

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



पावसाळ्याच्या तोंडावर जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातील घरधनी छपराकडे पाहतो, तेव्हा त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो. फुटकी कौले बदलून भागेल, की आढेच किडले आहे? कौले फुटली म्हणून कोणी घर पाडीत नाही. आणि आढे किडले असता नुसते शाकारून कोणी निर्धास्त झोपत नाही. शाळेतील जुन्या लॅपटॉपविषयी निर्णय घेतानाही हाच विवेक उपयोगी पडतो.

एखादी दोनशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणावी. गावाच्या लोकवर्गणीतून आठ-नऊ वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप आता सुरू व्हावयास दहा मिनिटे घेतो. तेवढा वेळ मुले रिकाम्या पडद्याकडे पाहत बसतात, आणि युडायसची माहिती भरण्याचे काम शिक्षकाच्या रात्रीवर जाते. ‘नवीनच घ्या’ हा सल्ला देणे सोपे आहे. परंतु वर्गणी पुन्हा मागावयाची ती भातशेतीवर व मजुरीवर जगणाऱ्या पालकांकडून, याचा विसर पडता कामा नये. उलटपक्षी, काटकसरीच्या नावाखाली मुलांचा वेळ रोज वाया घालविणे, हीही उधळपट्टीच होय.

प्रथम यंत्राचा कोणता अवयव थकला आहे, ते पाहावे. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असते. तबकडी फिरणार, तिच्यावरील वाचक-शीर्ष जागा शोधणार, मग माहिती मिळणार. मंदपणाचे मूळ पुष्कळदा येथेच असते. तिच्या जागी एसएसडी बसविल्यास फिरणारा भागच उरत नाही, आणि यंत्र सुरू होण्याचा वेळ ठळकपणे कमी होतो. दुसरा अवयव रॅम. ती 4 जीबी असेल व यंत्रात सोय असेल, तर ती 8 जीबी करावी. काही यंत्रांत रॅम मुख्य फलकालाच डाखलेली असते. तेथे वाढ करता येत नाही. म्हणून खरेदीपूर्वी यंत्र उघडून पाहणे अगत्याचे. पंख्यात साचलेली धूळ काढणे हा तर सर्वांत स्वस्त उपाय. मात्र कोणत्याही दुरुस्तीपूर्वी शाळेच्या सर्व धारिकांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.

यंत्र वेगवान झाले म्हणजे प्रश्न संपला, असे मात्र नाही. विंडोज 10 या प्रणालीचा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. यंत्र चालत राहते. परंतु नवनव्या धोक्यांपासून रक्षण करणाऱ्या नियमित सुधारणा थांबतात. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 हा सुरक्षा-घटक लागतो, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तीत मान्य नाहीत. अशा यंत्राला मोफत लिनक्स प्रणालीचा मार्ग उरतो. संकेतस्थळावर माहिती भरणे, मराठी टंकलेखन व चित्रफिती दाखविणे ही कामे तीत होऊ शकतात. तथापि शाळेतील एखादी आज्ञावली केवळ विंडोजवरच चालत असेल, तर ते आधी तपासून घ्यावे.

बदल केव्हा करावा? मुख्य फलक निकामी झाला असेल, किंवा दुरुस्तीचा एकूण खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याजवळ जात असेल, तर जुन्याचा मोह सोडावा. फुगलेली बॅटरी असेल तर वापर तत्काळ थांबवावा. तो आगीचा धोका आहे.

या परिसरातच या विवेकाचे एक थोर उदाहरण उभे आहे. जुन्नर तालुक्यात खोडद येथे केंद्र असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या, विसाव्या शतकाच्या अखेरीस प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिल्या. पुढे 2010 नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी त्या मोडून नव्या उभारल्या नाहीत. सांगाडा भक्कम होता. म्हणून ग्राहक-यंत्रणा व अंकीय विद्युत्-यंत्रणा तेवढी बदलली. एका वेळी टिपता येणारा कंप्रतापट्टा 32 वरून 400 मेगाहर्ट्‌झपर्यंत रुंदावला, आणि जुनीच दुर्बीण जगाच्या पहिल्या रांगेत टिकून राहिली. सांगाडा शाबूत असेल तर अवयव बदलावे, हा तिचा धडा आहे.

शेवटी दोन कर्तव्ये. निर्णय एकट्या मुख्याध्यापकाने न घेता, खर्चाचे दोन्ही अंदाज शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावे. ज्यांनी वर्गणी दिली, त्यांना हिशेब कळणे हा त्यांचा हक्क आहे. आणि यंत्र टाकून द्यावयाचे ठरले, तर त्यातील मुलांची नावे, आधार क्रमांक आदी माहिती पूर्णपणे पुसून, रीतसर निर्लेखन करून जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद घ्यावी. ते भंगारवाल्याच्या हाती न देता अधिकृत पुनर्चक्रणाकडे पोचवावे. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांचा रोखही हाच आहे.

यंत्र जुने की नवे, हे मुलांना ठाऊक नसते. फळा पुसून होताच पाठ सुरू झाला की नाही, एवढेच त्यांना ठाऊक असते. निर्णयाची खरी कसोटी तीच होय.